बिनटपाची गाडी

लग्नाच्या बाबतीत बाबांनी मला एकच अट घातली होती. मुलगी तू पसंत कर, पत्रिका हवी तशी छाप, जेवणाचं तुझी आई बघेल. पण वरात पुढच्या रस्त्यानं जाईल, उघड्या गाडीतून जाईल आणि हळू जाईल. फोनवर हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की एखाद्या खांबाची मापं लिहून देताहेत असं वाटलं. "बिनटपाची गाडी पायजे," ते म्हणाले. "टप असलेली आनलीस तर मी मंडपात येनार न्हाई."

बाबा लाईनमन होते. सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. त्या कामात एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नसतं, चूक झाली तर माणूस जातो. घरातही त्यांचा हाच नियम होता. त्यामुळे मी "हाव" म्हणालो आणि फोन ठेवला.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण मी गावाला नावं ठेवायला बसलेलो नाही. गावाच्या एका टोकाला आमची बौद्धांची वस्ती आणि दुसऱ्या टोकाला शाळेचं मैदान, तिथं सगळ्यांचेच मांडव पडतात. वस्तीतून मैदानाकडं जायला दोन वाटा आहेत. एक पुढचा रस्ता. वेशीतून आत शिरायचं, मारुतीच्या पारासमोरून जायचं आणि दुकानांच्या ओळीतून सरळ शाळेपाशी निघायचं. दुसरी वाट ओढ्याकडची. ती गावाला वळसा घालून, बाभळींतून, उकिरड्यांच्या मागून जाते.

आमच्या भागात नवरदेवाची परण्या निघते. लग्न लागण्याआधी त्याला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तिला परण्या म्हणतात. बाबांच्या लग्नात आजोबांनी गावात जाऊन विचारलं होतं, आमच्या पोराची वरात पुढच्या रस्त्यानं नेऊ का? पाराजवळ एक मोठं घर आहे. त्या घरच्या मालकांनी आजोबांना अंगणात उभं करून अगदी शांतपणे समजावलं, "परण्या मारुतीला जाती. तुमी बौद्ध झाले, तुमचा मारुतीशी काय संबंध ऱ्हायला? मंग ह्या रस्त्यानं काम काय तुमचं?" काठी कोणी उगारली नाही, शिवी कोणी दिली नाही. मुद्दाच असा बिनतोड काढला होता. आजोबा परत आले आणि बाबांची वरात ओढ्याकडून गेली. जीप भाड्याची, वर ताडपत्रीचा टप, आणि धूळ येते म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे सोडलेले. लग्न लावून परततानाही तीच वाट आणि तेच पडदे. आई अजून सांगते, नवरी बघायला आलेल्या बायांना जीपची चाकंच काय ती दिसली.

हे सगळं मला आईनं सांगितलं. बाबांनी कधी एका शब्दानंही सांगितलं नाही. ते फक्त बिनटपाची गाडी मागत होते.

आता खरं सांगायचं तर आम्हाला पुढच्या रस्त्यानं जायला कोणी अडवणार नव्हतं. वस्तीतल्या दोन-तीन वराती अलीकडं तिथून गेल्याही होत्या. पण त्या कशा, तर डीजेच्या टेम्पोमागं, रेटारेटीत, पारापाशी आल्या की पाय उचलून. आम्ही गेलो म्हणायला गेलो. बाबांना ते धरायचंच नव्हतं. आपला मुलगा त्या पारासमोरून सावकाश जावा, उघड्यावर जावा, त्याचं तोंड सगळ्यांना दिसावं, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यात हवी होती. आईकडं त्यांनी साडीचा रंगही विचारला नाही. गाडीचं मात्र ते दर दोन दिवसांनी विचारत.

आणि गाडीच्या बाबतीत त्यांची गाठ माझ्याशी होती.

मी हैदराबादला एका वर्कशॉपमध्ये काम करतो. तिथं परदेशी भारी मोटारी दुरुस्तीला येतात. मला हे वेड फार जुनं आहे. बाबांची बदली नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला होती तेव्हा तिथल्या एका सलूनमध्ये इटलीतल्या उघड्या गाडीचं कॅलेंडर होतं. साल कधीच संपलेलं, पण चित्र चांगलं म्हणून सलूनवाल्यानं ते काढलं नव्हतं. केस कापायला जायचं म्हटलं की इतर पोरं रडायची, मी मात्र आपण होऊन जायचो आणि मान खाली कर म्हटलं की चिडायचो. त्या वयात मला वाटायचं, गाडी घ्यायची, वरचा टप कापायचा, की झाली उघडी गाडी. पुढं कळलं की तसं होत नाही. टप नुसता सावलीला नसतो. गाडी खड्ड्यातून जाताना पिळवटते, तो पीळ निम्मा टपच सोसत असतो. टप काढला की तो सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो. म्हणून हे इटलीवाले सांगाडाच कार्बनच्या धाग्यांचा, एकसंध टबासारखा घडवतात. पुढच्या काचेची चौकट अशी मजबूत करतात की गाडी उलटली तरी डोकं वाचावं. टपाचे दोन तुकडे बटण दाबलं की आपोआप उठतात, घडी होतात आणि सीटांच्या मागं इंजिनावर जाऊन निजतात. हे मी शंभरदा पाहिलंय आणि अजून प्रत्येक वेळी हातातला पाना ठेवून बघतो.

त्यांच्या आकाराबद्दल मी बोलायला लागलो की वर्कशॉपमधले लोक चहाला निघून जातात. पण मला बोलायचंच आहे. या गाड्यांवर शोभेची म्हणून एकही रेघ नसते. दाराजवळची खोल खाच इंजिनाला हवा पाजायला असते. पुढचं नाक खाली झुकलेलं असतं ते वाऱ्यानं गाडीला जमिनीवर दाबून धरावं म्हणून. सीटांमागं दोन उंचवटे येतात, आमच्या देवणी बैलाच्या वशिंडासारखे. तेही नुसते रुबाबाला नाहीत, डोक्यावरून गेलेला वारा त्यांच्यामुळं आत न वळता मागं निघून जातो. एवढा सगळा विचार करून वर ती गाडी दिसतेही सुंदर. मला याचा राग येतो, आपल्याला बसमधला एक दांडा धड जागी बसवता येत नाही म्हणून.

आमच्या वर्कशॉपचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्यांच्याकडं अशीच एक पिवळी, उघडी इटालियन गाडी आहे. माझं लग्न ठरल्याचं कळताच ते गृहस्थ म्हणाले, "वरातीला घेऊन जा. माझ्याकडून आहेर समज. फक्त चालवायला आपला उस्ताद येईल." उस्ताद म्हणजे आमचा मुख्य ड्रायव्हर. दुरुस्ती झालेली गाडी रस्त्यावर नेऊन तपासणं हे त्यांचं काम. हैदराबादचा जुना माणूस, गाडीशी बोलल्याशिवाय चावी फिरवत नाही. बाबांना बिनटपाची गाडी हवी होती, मला ही गाडी हवी होती, आणि हिचा टप बटणानं निघत होता. माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

नवरी नांदेडची. तिच्या घरी काही सामान पोचवायचं होतं, म्हणून आम्ही देगलूरवरून आधी नांदेडला गेलो आणि तिथून लोह्यावरून अहमदपूरकडं निघालो. फेब्रुवारीचं ऊन होतं, पण उघड्या गाडीत ते बोचत नव्हतं. लोह्याच्या पुढं एक लांब मोकळा पट्टा लागला. उस्तादनी आरशात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, "पकड लेओ दुल्हे मियाँ," म्हणाले आणि पाय दाबला.

ही गाडी उभ्या जागेवरून तिनेक सेकंदांत शंभरचा वेग घेते, हे मी गिऱ्हाइकांना कितीतरी वेळा ऐकवलं होतं. सांगणं वेगळं आणि छातीवर घेणं वेगळं. पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. इंजिन कानामागं एक वीत अंतरावर, त्याचा आवाज कानानं कमी आणि मणक्यानं जास्त ऐकू येत होता. कडेची ज्वारी नुसती हिरवट पट्टी झाली. आणि गंमत म्हणजे डोक्यावरची टोपी जागची हलली नाही. वारा काचेवरून चढून, आमच्या डोक्यावरून, त्या दोन वशिंडांवरून निघून जात होता आणि मी आत निवांत बसलो होतो. मग उस्तादनी ब्रेक लावला, आम्ही पुन्हा माणसांत आलो आणि मी इतका हसलो की त्यांनी मला पाणी दिलं. माझ्या आयुष्यात निव्वळ आनंदाचे जे काही क्षण आहेत त्यात तो पट्टा आहे.

अहमदपूरच्या स्टँडजवळ चहाला थांबलो तर काळी-पिवळी जीपवाले गोळा झाले. त्यांच्या जीपला आत जागा नसली की माणसं टपावर बसतात, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता. "शीट किती बसतात?"

"दोन," मी म्हणालो. "ड्रायव्हर धरून."

"मंग परवडतं कसं?" त्यातला एक खऱ्या काळजीनं म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा बाबा वस्तीच्या तोंडाशी उभे होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात टॉवेल. गाडी थांबली. त्यांनी ती एकदा समोरून पाहिली, एकदा बाजूनं पाहिली. वस्तीतली सगळी माणसं भोवती जमली, फोटो सुरू झाले, आणि बाबा मला म्हणाले, "ही बसली हाय का हुबी हाय?"

"उभीच हाय बाबा. एवढीच असती ती."

"कुत्रं बी वरून उडी मारून जाईल की रं. ह्याच्यात तू दिसनार कसा?"

मी बाबांना सांगायला लागलो की गाडी जमिनीला जेवढी चिकटलेली तेवढी वळणावर पक्की, त्यासाठी इटलीत लोक... बाबा मधेच म्हणाले, "वळन कुठं घ्यायचंय आपल्याला? सरळ रस्ता हाय." त्यांना हवी होती ती साधी, जुनी, उघडी जीप. तिच्यात नवरदेव दांड्याला धरून उभा राहतो आणि गच्चीवरच्या माणसालाही त्याचं नाक दिसतं. हे मला तोवर खरंच कळलं नव्हतं. मी बसलो होतो ती माझ्या कमरेइतक्या उंचीची गाडी. तिच्याभोवती चार माणसं नाचायला लागली की आत नवरदेव आहे का पोतं आहे हे कळायला मार्ग नव्हता.

मला बाबांचा राग आला. असली गाडी आख्ख्या जिल्ह्यात कोणी आणली नसेल, आणि यांना जीप पाहिजे! मी तोंड पाडून बसलो. आई म्हणाली, "आता आनली ना त्यानं. ऱ्हाऊ द्या." बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि वेशीपर्यंतचा रस्ता बघायला निघून गेले.

तिकडून परत आले ते उस्तादकडं. दोघं समवयस्क, दोघांची उर्दू-मराठी चांगली जमली. बाबांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, गाडी किती हळू चालते? आणि उस्तादनी तोंड वाकडं केलं.

"भाईसाब, इसको धीरे चलनाइच नई आता," ते म्हणाले. "दौड़ने वास्ते बनाए इसकू. माणूस चालतो तसं चालवलं तर क्लच घासते, गरम होती. गरम झाली तर खुद बंद पड़ती."

त्यांचं बरोबर होतं. या गाडीला पायानं दाबायचा क्लच नसतो. आतले दोन क्लच गाडी स्वतः लावते आणि सोडते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. वेगात ते काम इतकं चोख की गिअर बदललेला कळत नाही. पण बँडच्या चालीनं, इंच इंच सरकत नेलं की ते क्लच ना धड लागलेले, ना धड सुटलेले, नुसते एकमेकांवर घासत राहतात. जिला ताशी तीनशे किलोमीटर पळायला सांगितलं तर घाम येत नाही, तिला पारावरून सावकाश जायला सांगा, तिला ताप चढतो.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बंद पडली तर ढकलत न्यावी लागंल?"

"ढकलने की नौबत नई आती," उस्ताद म्हणाले. "थोडा तेज निकाल लेते पार के सामने से."

"तेज न्हाई," बाबा म्हणाले. "तेज तर समदेच गेले."

त्या रात्री त्यांना झोप नव्हती हे आईनं मला सकाळी सांगितलं. पुढच्या रस्त्यावर, पारासमोर, सगळ्या गावादेखत मुलाच्या वरातीची गाडी बंद पडणार आणि ती ढकलत न्यावी लागणार, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं. लोक काय म्हणतील ते त्यांना तोंडपाठ होतं. तरी त्यांनी मला दुसरी गाडी बघ म्हणून सांगितलं नाही. मीही जीप बोलावली नाही.

वरात सकाळीच निघाली. घरी प्रतिमांपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मी पांढऱ्या कपड्यांत गाडीत बसलो. पुढं अहमदपूरचा बँड, त्याच्यामागं नाचणारी पोरं, मग बाबा, मग गाडी, मागं बायका. बाबा नाचणाऱ्यांना सारखे बाजूला सारत होते, "अरं तोंड दिसू द्या त्याचं," म्हणत होते. पोरं बाजूला व्हायची आणि दोन मिनिटांत पुन्हा समोर यायची.

वेशीत सिमेंटचा गतिरोधक आहे, ट्रॅक्टरच्या मापाचा. त्याच्यासाठी गाडीला बटण आहे. दाबलं की नाक दोन बोटं वर उचलतं. उस्तादनी ते दाबलं, गाडी तिरपी करून एकेक चाक चढवलं, तरी खालून खर्र असा आवाज आलाच. माझ्या दातांवरून करवत गेली. गाडीच्या मालकाला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

वेशीच्या आत आल्यावर वास सुरू झाला. जळक्या कागदासारखा. समोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण लागली. उस्ताद हळूच म्हणाले, "गरम हो रई. अब तेज लेना पड़ता." त्यांनी गाडी जराशी पुढं दामटली, नाचणारी पोरं पांगली आणि बाबा मागं वळले. त्यांनी तळहात खाली दाबत हळू, हळू असं केलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खांबावर चढलेल्या माणसाला खालून कोणी लाईन चालू केली आहे हे कळावं तसा. उस्तादनी पाय काढला. पुन्हा इंच इंच.

पार समोर दिसायला लागला. पारावर नेहमीची मंडळी बसली होती. पिंपळाखाली चौथरा चांगला छातीएवढा उंच आहे, तिथं बसलेल्या माणसाला सगळा रस्ता दिसतो. आम्ही बरोब्बर त्याच्यासमोर आलो आणि पिवळी खूण लाल झाली. गाडीनं एक हुंदका दिला. उस्तादनी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मला म्हणाले, "बस. अब दस-पंद्रा मिनट इसकू ठंडा होने देओ."

इंजिन बंद झालं, पण मागचे पंखे मोठ्यानं फिरत राहिले. बँडवाल्यांना काही कळेना, ते वाजवत पुढं गेले आणि परत आले. बाबा माझ्याजवळ आले. कपाळावर घाम. "ढकलायची न्हाई," ते दबक्या आवाजात म्हणाले. "काय बी झालं तरी ढकलायची न्हाई."

"ढकलायची नाहीच बाबा. थंड झाली की आपण होऊन चालती. हिचं तसंच असतं."

"खरं सांगतुस?"

"खरंच."

उस्ताद उतरले आणि मागं जाऊन उभे राहिले. इंजिनाकडून वाफाळलेली हवा बाहेर पडत होती, त्यांनी दोन्ही हात पसरून गर्दीला ओरडायला सुरुवात केली, "गरम है! पीछे हटो! हात नक्को लगाओ!" नाचणारी पोरं मागं सरली. बायका मागं सरल्या. बघता बघता गाडीभोवती मोकळं रिंगण झालं आणि मधे पिवळी गाडी, तिच्यात मी एकटा. उस्तादांची सीट मोकळी होती.

"बाबा, बसा," मी म्हणालो.

"मी? कामून?"

"वाट बघायचीच आहे तर बसून बघा."

"मी हुबा बरा हाय."

"बाबा, बसा ना."

का कोण जाणे, ते बसले. त्या गाडीत बसणं सोपं नाही. आधी पाठमोरं होऊन अंग टाकावं लागतं, मग पाय एकेक करून आत घ्यावे लागतात. बाबांनी ते केलं, टॉवेल नीट केला आणि स्टिअरिंगला हात न लावता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, फोटो काढायला बसतात तसे. वर आभाळ मोकळं. मी त्यांच्या शेजारी. पारावरची मंडळी आमच्याकडं बघत होती आणि आम्ही त्यांच्याकडं.

थोड्या वेळानं पारावरची माणसं खाली उतरायला लागली. अशी गाडी पुन्हा बघायला मिळणार नव्हती, हे कारण पुरेसं होतं. सगळ्यांत पुढं आबा होते. ज्यांनी माझ्या आजोबांना अंगणात उभं करून समजावलं होतं, त्या मालकांचा हा मुलगा. मालक कधीच वारले. आबा बाबांच्याच वर्गात होते, गाव त्यांना आबा म्हणतं. स्वभावानं वाईट माणूस नाही. घरची लाईट गेली की रात्री-अपरात्री बाबांना फोन करायचे आणि बाबा जायचे.

बाबांची एक सवय मी जन्मापासून बघत आलोय. आबा आले की बाबा बसल्या जागेवरून उठतात. कोणी सांगत नाही, तरी उठतात. हॉटेलात चहा पीत असले तरी उठतात. मला त्याचा किती संताप यायचा ते सांगता येत नाही. आताही आबा रिंगणात शिरले आणि बाबा उठायला गेले. दाराला धरलं, अंग पुढं रेटलं. पण त्या गाडीतून असं पटकन उठता येत नाही. गुडघे छातीशी, बूड जमिनीशी. ते अर्धे उठले आणि पुन्हा सीटमध्ये बसले.

"बसा, बसा," आबा म्हणाले. गाडीच्या दाराला हात लावला आणि बोलायला खाली वाकले. चांगले कमरेतून वाकले. "लई खाली हाय हो ही, लाईनमन."

"हाव," बाबा म्हणाले. "तशीच असती ती."

"टप कुठाय हिचा?"

"मागं घडी करून ठिवलाय. बटन हाय."

"आन किती पळती?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आकडा सांगितला. बाबांनी तो आबांना सांगितला, जणू गाडी रोज तेच चालवतात. आबांच्या मागं बाकीची पारावरची मंडळी येऊन उभी राहिली आणि एकेक करून वाकून आत बघायला लागली. काही विचारायचं तर वाकावंच लागत होतं. बाबा सगळ्यांना उत्तरं देत होते. इंजिन मागं असतं, पुढं सामानाची पेटी असते, हळू चाललं की गरम होते. कुठं चुकले नाहीत. काल मी आणि उस्ताद त्यांच्या कानीकपाळी ओरडलो होतो ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. बसल्या जागेवरून, मान जराशी वर करून, सावकाश बोलत होते. आणि मी दुसरीकडं बघायला लागलो.

पंखे बंद झाले. एकदम शांत झालं. उस्ताद पुढं आले, "चलो भाईसाब, हो गई ठंडी," म्हणाले आणि बाबांनी उतरावं म्हणून दार उघडून उभे राहिले. आबा दारावरचा हात काढून मागं सरले. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली. मैदानावरून कोणाचा तरी फोन आला, नवरीकडची मंडळी ताटकळलीत म्हणून.

बाबा उतरले नाहीत. त्यांनी मागं हात नेला आणि सीटमागच्या त्या उंचवट्यावर तळवा टेकवून ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

"न्हाई," ते म्हणाले. "गरम हाय आजून."

मी माझ्या बाजूच्या उंचवट्याला हात लावला. थंड होता.

"हाव बाबा," मी उस्तादांना ऐकू जाईल असं म्हणालो. "लई गरम हाय."